पिकविणाऱ्याने विकावयास शिकावे

(नाशिक येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतकऱ्याने आठवडे बाजारात विक्रेता कसे व्हावे, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा संमेलनाच्या चालकांनी मला केली, तेव्हा मी थोडा संकोचलो. माझी उभी हयात शाळेत मुलांना शिकविण्यात गेली. निवृत्तीनंतर मी वडिलोपार्जित अडीच एकरांत उतरलो. त्यामुळे बाजाराची माझी विद्या अवघ्या सहा वर्षांची आहे. परंतु ती ठेचा खाऊन मिळविलेली असल्याने आपणांस तिचा काही उपयोग होईल, अशी आशा आहे.

पिकविण्याच्या बाबतीत आपल्या नाशिक जिल्ह्याला कोणी काही शिकवावे अशी स्थिती नाही. आपली द्राक्षे परदेशी जातात. लासलगावच्या कांद्याचे आणि पिंपळगाव बसवंतच्या टोमॅटोचे भाव साऱ्या देशाचे व्यापारी पाहत असतात. आपण उणे पडतो ते पुढच्या पायरीवर. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यास-निबंधात असा अंदाज दिला आहे की, ग्राहक जो एक रुपया देतो त्यांतील टोमॅटोच्या उत्पादकाला सुमारे ३३ पैसे आणि कांद्याच्या उत्पादकाला सुमारे ३६ पैसे मिळतात. २०१८ साली आपल्याच निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये हाती आले आणि त्याने ती रक्कम मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठविली, हे आपण विसरलेले नाही.

याचा सगळा दोष बाजार समित्यांच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही. रुमालाखाली बोटे दाबून गुपचूप भाव ठरविण्याची रीत ज्यांनी पाहिली, त्यांना उघड लिलावाचे मोल ठाऊक आहे. वऱ्हाडात १८९७ साली, मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि महाराष्ट्र राज्यात १९६३ साली जे कायदे झाले, ते शेतकऱ्याला अशा अंधारातल्या व्यवहारातून सोडविण्यासाठीच झाले. लासलगावची समिती १९४७ सालची आहे. ट्रॅक्टरभर कांदा एका सकाळी विकून रोख पैसे घेऊन घरी जाणे तिच्यामुळेच शक्य होते. प्रश्न आहे तो लहान शेतकऱ्याचा. त्याच्याजवळ दहा-वीस जाळ्या टोमॅटो आणि शे-दीडशे जुड्या भाजी असते. तेवढ्या मालाला घाऊक बाजारात भाव सांगण्याची ताकद नसते.

अशा शेतकऱ्यासाठी २०१६ साली एक दार उघडले. त्या वर्षी राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यावरील नियमन उठविले, आणि कृषि पणन मंडळाच्या द्वारे शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू केले. अरणच्या आपल्या मळ्यात राबत राबत ज्यांनी भक्ती केली, त्या संत सावता माळी यांचे नाव त्या अभियानाला देण्यात आले. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. पंजाबात १९८७ साली ‘अपनी मंडी’ निघाली होती. आंध्रात ‘रयतु बझार’ आणि तमिळनाडूत ‘उळवर संधै’ १९९९ साली सुरू झाले होते. आणि आपल्या नाशकात तर गंगेच्या काठी बुधवारचा बाजार भरतच होता.

आता माझा अनुभव सांगतो. पहिल्या दिवशी मी आणि माझी पत्नी मेथीच्या ८० जुड्या घेऊन बाजारात गेलो. दुपारपर्यंत १५ रुपयांनी ४५ जुड्या गेल्या. ऊन चढले, पाला मलूल झाला, आणि उरलेल्या ३५ जुड्या संध्याकाळी पाच-पाच रुपयांना द्याव्या लागल्या. एकूण ८५० रुपये आले. टेम्पोचे ३०० आणि जागेचे २० वजा जाता ५३० रुपये उरले. त्या दिवशी घाऊक बाजारात जुडीला सहा रुपये भाव होता. तेथे पहाटे माल टाकून आलो असतो तरी ४८० मिळाले असते. म्हणजे दोन माणसांच्या अख्ख्या दिवसाची कमाई पन्नास रुपये! मध्यस्थ वगळला की त्याचा नफा आपोआप आपल्या खिशात येतो, ही समजूत त्या दिवशी मी सोडून दिली. मध्यस्थ वगळला तरी त्याचे काम उरतेच. वाहतूक, निवड, साठवण, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि उरलेल्या मालाचे नुकसान सोसणे हे सर्व आपल्या अंगावर येते. ते काम जो शिकेल, त्यालाच त्याचा मोबदला मिळेल.

परंतु त्या दिवशीची खरी हानी पैशाची नव्हती. दुपारी माझा एक जुना विद्यार्थी तेथून जात होता. तो थबकला आणि म्हणाला, “गुरुजी, आपण इथे?” माझ्या तोंडून निघून गेले, “एका ओळखीच्या माणसाची पाटी आहे, तो येईपर्यंत थांबलो आहे.” पत्नी शेजारीच गोणपाटावर बसली होती. ती तेव्हा काहीच बोलली नाही. संध्याकाळी गाठोडे बांधताना एवढेच म्हणाली, “अहो, भाजी आपली, रान आपले, मग खोटे कशाला बोललात? इतकी वर्षे पोरांना काय शिकवलेत?” मजजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही.

बंधूंनो, ही लाज माझ्या एकट्याची नाही. जमीन कसण्याचा आपणांस अभिमान वाटतो, पण त्याच जमिनीचा माल पाटीत घेऊन बसावयाचे म्हटले की मान खाली जाते. ‘मालकाने का बाजारात बसावयाचे?’ असे आपल्या घरांत आजही बोलले जाते. या बोलण्याचा अर्थ नीट पाहावा. जे पिढ्यान्‌पिढ्या त्या बाजारात बसत आले, ज्या मायबहिणींनी डोक्यावरच्या पाटीवर मुले वाढविली, त्यांना आपण मनातून कमी लेखीत आलो, एवढाच त्याचा अर्थ होतो. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका वृद्ध बाईंनीच मला पुढच्या बुधवारी शिकविले की भाजी ओल्या गोणपाटाखाली झाकावी, एकदम सगळी मांडू नये, आणि सकाळच्या भवानीला घासाघीस करू नये. मी त्यांना गुरू मानतो.

ज्यांना या मार्गाने जावयाचे आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

पहिली गोष्ट जागेची. शेतकरी आठवडे बाजारात बहुधा शेतकरी गट वा उत्पादक कंपनी यांच्या मार्फत प्रवेश मिळतो. म्हणून एकट्याने न जाता चार घरांनी गट करून जावे. सातबारा आणि ओळखपत्र जवळ असावे. ज्याला शहरात नित्य विक्री करावयाची आहे, त्याने महानगरपालिकेत चौकशी करावी. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने विक्रेत्याला प्रमाणपत्राचा हक्क दिला आहे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना व त्यांतील एकतृतीयांश स्त्रियांना ठेविल्या आहेत. लोणची, पापड असा तयार माल विकावयाचा असेल, तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पेरणीची. बाजारासाठी पिकवावयाचे तर सगळी मेथी एकाच दिवशी पेरून चालत नाही. आम्ही आता आठ-आठ दिवसांच्या अंतराने एकेक वाफा टाकतो. ८० जुड्या मेथीऐवजी ३० जुड्या मेथी, २० जुड्या कोथिंबीर, थोडी वांगी, गवार आणि दोन जाळ्या टोमॅटो नेतो. गिऱ्हाइकाला एकाच ठिकाणी चार भाज्या मिळाल्या की तो पुन्हा येतो. चार घरांचा माल एका टेम्पोत जात असल्याने भाड्याचा बोजाही चौथ्या हिश्शावर आला आहे.

तिसरी गोष्ट काट्याची. काटा वैधमापन खात्याकडून वेळच्या वेळी तपासून त्यावर मुद्रा करून घ्यावी. माल निवडून मांडावा. चांगला वर आणि किडका खाली, ही युक्ती एकदाच चालते. आठवडे बाजारात गिऱ्हाईक दर आठ दिवसांनी त्याच जागी येते, म्हणून तेथे फसवणूक ही पापाइतकीच मूर्खपणाचीही आहे.

चौथी गोष्ट हिशेबाची. वहीत भाडे, जागेचे पैसे, वाया गेलेला माल आणि घरच्या माणसांची मजुरी या चारही गोष्टी लिहाव्यात. मजुरी न लिहिता दाखविलेला नफा हा बहुधा घरातील स्त्रीचा फुकट गेलेला दिवस असतो. हल्ली गिऱ्हाईक मोबाईलवरून पैसे देते. जी पाटीवर बसते तिच्याच खात्यात ते जमा व्हावेत, असे मी आग्रहाने सांगेन. माझ्या घरी हे करावयास मी दोन वर्षे लावली, याची कबुली देतो.

आणि शेवटची गोष्ट मर्यादेची. सगळाच माल या वाटेने विकला जाणार नाही. आजही माझा बराचसा टोमॅटो बाजार समितीतच जातो. परंतु बुधवारी शहरात भाव काय आहे, हे मला आता स्वतःच्या काट्यावर कळते, आणि म्हणून घाऊक लिलावात उभा राहताना मी पूर्वीसारखा आंधळा नसतो. हा लाभ मला पैशाहून मोठा वाटतो.

आपला संघ मुलांच्या शिक्षणाला साहाय्य करतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच जोडीने लहान शेतकरी घरांसाठी एखाद्या समाईक वाहनाची व्यवस्था करता येईल काय, याचा विचार कार्यकारी मंडळाने अवश्य करावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

तो विद्यार्थी काही महिन्यांनी पुन्हा बाजारात भेटला. मी त्याला जवळ बोलावून सांगितले की, त्या दिवशी मी खोटे बोललो होतो, ती पाटी माझीच होती. तो हसला आणि म्हणाला, “गुरुजी, ते मला तेव्हाच कळले होते.” मग त्याने दोन किलो टोमॅटो घेतले, आणि मी ते नीट तोलून दिले.