जपानी घरातले सहा आठवडे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हा दोघांना सांगितले की, जपानात काय पाहिले ते बोला. आम्ही मशीनवर काम करणारी माणसे, भाषणाची सवय नाही. शिवाय जपान म्हटले की जो तो बुलेट ट्रेनचेच विचारतो. तीत आम्ही बसलो, छान आहे. पण आज बोलायचे आहे ते घराबद्दल.

2018 साली चाकणच्या कंपनीने आम्हाला ट्रेनिंगला पाठविले. नारा शहराजवळ एका कुटुंबात सहा आठवडे राहायची सोय होती. घरात ओतोसान म्हणजे वडील, ओकासान म्हणजे आई, आणि ऐंशी ओलांडलेल्या आजीबाई. मुलगी लग्न होऊन गेलेली. बोलणे निम्मे खुणांनी, निम्मे फोनवरच्या भाषांतराने. सकाळी भात, मिसोचे सूप आणि मासा. कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा याचा तक्ता फ्रीजवर. आमची शेंगदाण्याची चटणी आजीबाईंनी भातावर घेऊन खाल्ली आणि नंतर रोज मागू लागल्या.

पहिल्याच रात्री आंघोळीचा प्रश्न आला. त्यांच्याकडे आंघोळ रात्री. आधी बाहेर स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, मग गरम पाण्याच्या खोल टबात नुसते बसायचे. पाणी सोडून द्यायचे नाही. त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागून एक उतरतात, आणि उरलेले कपडे धुवायला. मान पाहुण्याचा पहिला. आम्ही म्हणालो, आम्ही शेवटी जातो. ओकासान ऐकेनात. आमच्यानंतर ओतोसान, मग आजीबाई, शेवटी ओकासान, सगळे त्याच पाण्यात.

बंधूंनो, आमचे आजे गावच्या पाणवठ्यावर ओंजळ धरून उभे राहायचे, कोणी वरून ओतले तर प्यायचे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले, तर सनातन्यांनी शेण-गोमूत्र टाकून तळे शुद्ध केले. आणि इथे आमच्या अंगाचे पाणी या माणसांना चालत होते! ओकासानना त्यात काही विशेष वाटत नव्हते, तो त्यांचा रोजचाच रिवाज. आम्हाला मात्र त्या रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही.

घरात बुत्सुदान होते. म्हणजे काळ्या लाकडी कपाटासारखे देवघर, आत बुद्धमूर्ती आणि पूर्वजांची नावे लिहिलेल्या पट्ट्या. सकाळचा पहिला भात वाटीत काढून आजीबाई तिथे ठेवायच्या, छोटी घंटा वाजवायच्या. आता आपल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष, पिंडदान करणार नाही असे आहे. आम्ही अडलो. आजीबाईंना विचारले, हे कशासाठी? म्हणाल्या, "ह्यांना गरम भात आवडायचा." यावर काय बोलणार? आम्ही बुद्धमूर्तीला तीन वेळा वंदन केले, त्रिशरण-पंचशील म्हटले, भात ठेवला नाही. त्यांनीही आग्रह धरला नाही. पाली त्यांना येत नाही, पण बुद्धाचे नाव आले की हात जोडायच्या.

एका रविवारी ओतोसाननी तोदाईजीला नेले. तिथली काशाची बुद्धमूर्ती पंधरा मीटरच्या आसपास उंच आहे. 752 साली तिचे डोळे रेखण्याचा विधी भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्खूंनी केला. ओतोसाननी विचारले, "मग तुमचे घराणे तेव्हापासून बौद्ध?" आम्ही सांगितले की नाही, 14 ऑक्टोबर 1956 च्या दीक्षेपासून. आमच्याजवळ देहूरोडला मात्र बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 लाच रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्थापन केली होती. दीक्षा का घेतली, महाडला काय झाले, तेही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते.

पुढच्या रविवारी त्यांनी गाडी गोसे नावाच्या गावाला नेली. तिथे सुइहेइशा या संघटनेचे म्युझियम आहे. जपानातही चामड्याचे, कत्तलीचे काम करणाऱ्यांना हलके मानत. 1871 साली सरकारने तो भेद कायद्याने काढला, माणसांच्या मनातून गेला नाही. म्हणून 3 मार्च 1922 रोजी क्योतोमध्ये त्या लोकांनी ही संघटना काढली. सुइहेइ म्हणजे सपाट, समान. लिहिताना पहिले अक्षर पाण्याचे. संघटनेचा जाहीरनामा लिहिणारे साइको मानकिची तिथल्याच बौद्ध मंदिरातल्या पुजाऱ्याचे पुत्र.

पण दुसरी बाजूही ओतोसाननी झाकली नाही. मेलेल्या माणसाला मंदिरातून नवे नाव मिळते. या लोकांना कितीतरी पुजाऱ्यांनी अपमानाची अक्षरे घालून नावे दिली, ती थडग्यांवर कोरली गेली. बुद्धाच्या मंदिरात, बरे का! 1975 साली तर अशा वस्त्यांच्या नावांची यादी कंपन्यांनी विकत घेतल्याचे उघड झाले, नोकरीला ठेवताना तपासायला. आडनाव विचारून झाल्यावर "मूळ गाव कोणते?" हा प्रश्न आपल्यालाही ठाऊक आहे.

ओतोसान म्हणाले, मुलीच्या लग्नात नातेवाईक म्हणत होते की मुलाच्या घराण्याची चौकशी करा. आम्ही केली नाही. मग त्यांनी आम्हाला विचारले, "तुमच्या बौद्धांत आता असे नाही ना?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग खरे ते सांगितले, की सोयरीक जमवताना पत्रिकेवर बौद्ध लिहितात आणि मागच्या खोलीत "पूर्वीचे कोण?" असे विचारतात. ओतोसाननी फक्त मान हलवली. जे परक्या देशात सांगितले, ते आपल्या विहारात, आपल्याच माणसांत सांगायला काय हरकत, म्हणून सांगितले.

भोजनदानाची पाने मांडली आहेत, तेव्हा जास्त वेळ घेत नाही. जयभीम! नमो बुद्धाय!