अक्षरांशी अडखळणारा विद्यार्थी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत अनेक पिढ्यांना लिहिते केले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आज एका कबुलीने प्रारंभ करणार आहे.

मराठीचा प्राध्यापक म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ मी उत्तरपत्रिका तपासल्या. त्यांपैकी एक आजही मनातून जात नाही. १९८०च्या सुमारास प्रथम वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थी होता. तो कवितेवर बोलू लागला की बाकीची मुले वह्या मिटून ऐकत. तोच लिहू लागला की ‘घर’चे ‘धर’ होई, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारांनी येई, जोडाक्षरातले एखादे अक्षर गळून पडे. मी लाल शाईने ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारला. पुढील वर्षी त्याने महाविद्यालय सोडले.

वीस वर्षांनी तो माझ्या घरी आला. बेळगावच्या उद्यमबागेत त्याने स्वतःचा छोटा कारखाना उभा केला होता. हातात दहा वर्षांच्या मुलीची वही होती आणि वहीत त्याच चुका होत्या. तो शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही माझ्या चुका मोजल्यात. उत्तर वाचले होते का?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या मुलीची तज्ज्ञांकडून तपासणी झाली, तेव्हा ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द माझ्या घरात प्रथम आला. हा दोष बुद्धीचा नाही, दृष्टीचा नाही आणि आळसाचा तर नाहीच. शब्दातले ध्वनी सुटे करून त्यांची अक्षरचिन्हांशी सांगड घालण्याचे काम या मुलांना जड जाते. पुष्कळदा ते आनुवंशिकही असते. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधील डॉक्टरांनी अशा एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तो स्वतःचे नावही चुकीचे लिही. मात्र सगळे शिक्षण तोंडी असते तर शाळेत तोच सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

आपल्या सीमाभागात अशा मुलाची परीक्षा अधिकच कठीण. बाळबोध, कानडी आणि रोमन अशा तीन लिप्या त्याला लहानपणीच हाताळाव्या लागतात. ‘कि’ म्हणताना कानाला आधी ‘क’ ऐकू येतो; वेलांटी मात्र त्याच्या डावीकडे काढावी लागते. ‘सूर्य’ या शब्दात ‘र’चा उच्चार ‘य’च्या आधी होतो, पण तो बसतो ‘य’च्या डोक्यावर. कानडीत तोच ‘र’ ‘य’च्या पुढे, उजवीकडे लिहितात. आपल्याला हे सवयीने जमते. या मुलांना दर वेळी नव्याने सोडवावे लागते.

ह्रस्वदीर्घाच्या चुकीला आपण फार मोठा गुन्हा मानतो. परंतु आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके हिशेब आणि पत्रे ज्या मोडीत लिहिली, तीत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद सहसा केला जात नसे. त्यावरून त्या कारकुनांना कोणी मंदबुद्धी म्हटले नाही. शुद्धलेखन नको, असा याचा अर्थ नव्हे. लेखन आणि शुद्धलेखन या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि या मुलांकडून त्या एकाच वेळी मागू नयेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या मुलीबरोबर आम्ही हीच वाट धरली. प्रथम तिने विषय तोंडी सांगायचा. मग कोण, कुठे, काय झाले, का झाले, या चार प्रश्नांपुढे एकेक शब्द मांडायचा. त्यानंतर चुकांची पर्वा न करता लहान लहान वाक्ये लिहायची. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी, आणि तीही एका वेळी एकाच प्रकारची: आज फक्त वेलांट्या, उद्या फक्त जोडाक्षरे. नेहमी चुकणाऱ्या दहाच शब्दांची यादी तिने वहीच्या मागील पानावर ठेवली. शब्द पक्का झाला की तो खोडायचा आणि नवा घ्यायचा. अक्षर मोठ्याने उच्चारत बोटाने वाळूत गिरवायचे. डोळा, कान आणि हात यांना एकत्र राबवणारी अशी पद्धती अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रशुद्ध केली. आपल्या पंतोजींची धूळपाटी तिच्या जवळचीच म्हणावी लागेल.

पुढे संगणकाने मोठे साहाय्य केले. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटवावी लागे. आजच्या युनिकोड पद्धतीत आधी ‘क’ आणि मग वेलांटी, आधी ‘र’ आणि मग ‘य’, म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने कळा दाबायच्या. चिन्ह जागेवर बसवण्याचे काम यंत्र करते. हे साधन वापरणे म्हणजे लबाडी, असे कृपया कोणी समजू नये. चष्म्याला आपण लबाडी म्हणत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राच्या आधारे परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो. अर्थात चुका करणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचे नसते. आधी डोळे आणि कान तपासावेत, मग तज्ज्ञांकडे जावे. पण तपासणी होईपर्यंत शिक्षकाने थांबण्याचे कारण नाही. निबंधाला दोन वेगळे गुण द्यावेत, एक आशयाला आणि एक शुद्धलेखनाला. चुकलेला शब्द वीसदा लिहावयास लावू नये. त्याने चूकच घोटली जाते. आणि वर्गासमोर अचानक मोठ्याने वाचावयास उभे करू नये.

ती मुलगी आज वडिलांच्या कारखान्याचा पत्रव्यवहार सांभाळते. पत्र पाठवण्यापूर्वी ते अजूनही दोनदा तपासते. तिचा अडथळा नाहीसा झालेला नाही. त्यावरून वाट काढणे तिला साधले आहे. तिच्या वडिलांना ती वाट मी दाखवू शकलो नाही, आणि ती भरपाई आता माझ्या हाती नाही.

येथील शिक्षकांच्या हाती मात्र उद्याचाच वह्यांचा गठ्ठा आहे. आपण लाल लेखणी उचलण्यापूर्वी प्रत्येक वही एकदा नुसती वाचावी, एवढीच या वृद्ध परीक्षकाची विनंती. गुरुजींच्या स्मृतीस याहून उचित अभिवादन मला सुचत नाही.