घरच्या धुराचा हिशेब



पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे हिशेब लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. निवृत्तीनंतर मी एक नवी वही घातली. तिच्यात रुपये नाहीत, किलो आहेत. पुण्यात राहणाऱ्या आम्हा दोघा नवरा-बायकोंमुळे वर्षाकाठी किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याचा हा हिशेब. आपल्या देशाची सरासरी माणशी सुमारे दोन टन आहे. आपण काही कारखानदार नाही, तेव्हा आपला आकडा त्याहून कमीच निघणार, अशी माझी खात्री होती.

सुरुवात विजेच्या बिलापासून केली. महिन्याला साधारण १८० युनिटे. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर होते, त्यामुळे एका युनिटामागे सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे वर्षाला दीड टन. आमच्या घरात धूर दिसत नाही, कारण तो चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या चिमणीतून बाहेर पडतो.

मग मी मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो. (सौ.ने शेजारच्या वहिनींना सांगितले, ‘‘यांना आता मीटर वाचायचं व्यसन लागलंय.’’) त्या आठवड्यात एक गोष्ट कळली. घरातले सगळे दिवे बदलून एलईडी लावल्याची बढाई मी जिथे तिथे मारत होतो. पण नऊ वॅटचा एक दिवा रोज पाच तास जाळला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. इकडे दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. आमचा गिझर सकाळी लावला की दोघांच्या आंघोळी होईपर्यंत चालूच. दिवा विझवायला मी उठत होतो आणि गिझरकडे पाहतही नव्हतो.

सौर बंब बसवायचे ठरवले. आता आमच्या सोसायटीत गच्ची सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. गळती होईल, वाळवणे कुठे घालायची, उद्या सगळेच मागतील, अशा हरकतींवर तीन सभा झाल्या. शेवटी टाकीशेजारचा कोपरा मिळाला. पावसाळ्यात बंबाचा फारसा उपयोग नाही, हे आधीच सांगतो. शिवाय गच्चीवरून दुसऱ्या मजल्यावर गरम पाणी पोहोचेपर्यंत अर्धी बादली गार पाणी येते. ते कपड्यांना वापरतो. पण उन्हाचे आठ-नऊ महिने बिलात पन्नासेक युनिटे कमी दिसतात. वर्षाला तीनशे किलोंची बचत. त्या सभा मला आता स्वस्त वाटतात.

पुढचे पान प्रवासाचे. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पेट्रोलचे वजन पाऊण किलोच असते, मग वायू इतका कसा? पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला प्राणवायू येऊन मिळतो, म्हणून. आम्ही दर महिन्याला गाडीने मुंबईला जात होतो. दीडशे किलोमीटर, दहा लिटर. जाऊन-येऊन ४६ किलो. वर्षाचे साडेपाचशे! घरात वर्षभर लागणाऱ्या सहा गॅस सिलिंडरांचेही अडीचशेच होतात. आता आम्ही रेल्वेने जातो. दख्खनची राणी १९३० साली सुरू झाली तेव्हापासून विजेच्या इंजिनावर धावते. ती वीजही बरीचशी कोळशाचीच, हे खरे; पण ती हजार-दीड हजार माणसांत वाटली जाते, दोघांत नाही. गाडी काढायचीच तर चौघांनी मिळून जावे, तेवढ्यानेही माणशी भार निम्मा होतो. रेल्वेचा त्रास म्हणजे परतीची वेळ पाळावी लागते आणि मेहुण्याकडचे जेवण अर्ध्यावर सोडावे लागते.

बंब आणि रेल्वे मिळून वर्षाला आठशे किलोंची बचत झाली. मी खूष होतो. इथपर्यंतचे भाषण मी ज्येष्ठ नागरिक संघात दोनदा दिले, टाळ्याही मिळाल्या.

एक पान मात्र मी कोरे ठेवले होते. आमची मुलगी न्यू जर्सीत असते. नात झाल्यापासून आम्ही दर वर्षी उन्हाळ्यात सहा आठवडे तिकडे जात होतो. मुंबईहून न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन माणशी दीड ते दोन टन कार्बन डायऑक्साइड धरतात. दोघांचे तीन ते चार टन. म्हणजे बंब, रेल्वे, तीन सभा, अर्धी बादली पाणी, या सगळ्यांची चार वर्षांची कमाई एका खेपेत संपली. हा आकडा मला ठाऊक नव्हता असे नाही. लिहायचा धीर होत नव्हता.

लिहिल्यावर सौ.ला दाखवला. म्हटले, तीन वर्षांतून एकदा जाऊ आणि पाच महिने राहू. तिकीट तेवढेच, सहवास उलट जास्त. माझ्या हिशेबात चूक नव्हती. तिने वही मिटली आणि म्हणाली, ‘‘तीन वर्षांनी ती केवढी झालेली असेल, तेही लिहा की.’’

या प्रश्नाला माझ्या वहीत रकाना नाही. दोन दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. मुलीला फोन केला, तर तीही आधी रुसली, मग म्हणाली, ‘‘बाबा, पाच महिने राहणार असाल तर शाळेतून आणायचं काम तुमच्याकडे.’’

अखेर तोडगा दोन वर्षांवर निघाला. मला तीन हवी होती, सौ.ला एक. त्याप्रमाणे गेल्या उन्हाळ्यात आम्ही गेलो नाही. नातीचा वाढदिवस संगणकाच्या पडद्यावर पाहिला. तिने केक पडद्याजवळ धरला आणि आजीने इकडे तोंड उघडले. त्या महिन्याच्या पानावर विमानाच्या रकान्यात मी शून्य लिहिले. त्याच्याखाली सौ.ने पुढच्या खेपेचा महिना लिहिला आहे, पेनाने.