दाखल झाल्या दिवशीच

बालरोग, नेत्ररोग, न्यूरोसर्जरी अशा तिन्ही घरांतून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली इथे मिरजेत रुग्णालय उभारलं, तेव्हापासून दूरदूरची माणसं उपचारांसाठी या गावाची वाट धरतात. त्या विश्वासाला स्मरून मी थेट विषयाकडे येतो.

काही वर्षांपूर्वी एका आयसीयूत चार महिन्यांच्या बाळाचे डोळे पाहायला मला बोलावलं. झटके, उलट्या, टाळू फुगलेली, सीटीत मेंदूच्या आवरणाखाली रक्त. हकिकत एवढीच, की पाळण्यातून पडलं. बोलावणं आलं बाळ दाखल झाल्यानंतर अकराव्या दिवशी. डोळ्याचा पडदा स्वच्छ होता. पहिल्या दिवशी तिथे काय होतं, हे आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. बाळ त्याच घरी परत गेलं. पुढे त्याचं काय झालं हे मला कळलं नाही, आणि ते अजून मनातून जात नाही.

पडद्याच्या वरच्या थरांतलं रक्त काही दिवसांत विरून जाऊ शकतं. म्हणून तपासणी शक्यतो २४ तासांत, फार तर ७२ तासांत व्हावी. बाहुली मोठी करणारे थेंब घालून, इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपने, पडद्याच्या कडेपर्यंत. न्यूरोसर्जनना बाहुल्यांवर लक्ष ठेवायचं असतं, ही अडचण खरी आहे. त्यांच्याशी बोलून घ्या, लवकर उतरणारे थेंब वापरा, एका वेळी एकच डोळा, आणि थेंबांची वेळ केसपेपरवर ठळक लिहा. नोंदीत नुसतं 'रक्तस्राव आहे' नको. किती, कोणत्या थरांत, कुठवर, हे हवं. जमेल तिथे फोटोही.

पडद्यावर रक्त दिसलं की बाळाला कोणी जोरात हलवलं असेल, ही शंका येते; पण घाईने आईबापांकडे बोटही दाखवू नका. पहिल्या काही आठवड्यांत प्रसूतीच्या वेळचं रक्त दिसू शकतं. जन्मतः व्हिटॅमिन के न मिळालेल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मेंदूतही रक्तस्राव होतो. गोठण्याच्या तपासण्या आधी पाहा. पण मोजता न येणारे ठिपके थराथरांत, कडेपर्यंत पसरलेले असतील, तर पाळण्याच्या हकिकतीवर थांबता येत नाही.

कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्याच्या पडद्याची आरओपी तपासणी करणारे डॉक्टर आपल्या कित्येक जिल्ह्यांत आहेत. हेच काम त्यांना येतं. त्यांना फोन मात्र वेळेत जायला हवा.

शेजारच्या दालनात इनडायरेक्ट आणि सरावाचे कृत्रिम डोळे मांडले आहेत. बालरोगाच्या रेसिडेंटांनीही तिथे जावं. दारापाशी या भागातल्या नेत्रतज्ज्ञांचे रात्रीचे फोन नंबर लावले आहेत. ते उतरवून घ्या.