तृणमणी आणि लाकडाचा भुसा



ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो, ते आमचे सुतारकामाचे गुरुजी. मराठीच्या प्राध्यापकाने त्यांच्या नावे धुळीतील विजेवर बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. मला या विषयाकडे नेले ते एका शब्दाने. अंबर नावाच्या पिवळ्या राळखड्याला संस्कृतात ‘तृणमणी’ म्हणतात. घासला की तो गवताची काडी ओढून घेतो. फारसीतील ‘कहरुबा’चा अर्थही ‘काडी पळविणारा’ असाच आहे. ग्रीकांनी त्यास ‘इलेक्ट्रॉन’ म्हटले, आणि त्याच शब्दाच्या मुळापासून पुढे ‘इलेक्ट्रिसिटी’ आली. घर्षणाने वीज उपजते, हे ज्ञान भाषेने असे जपून ठेवले आहे.

गुरुजींच्या काळी रंधा हाताने चाले. भुसा पायाशी पडे आणि आम्ही तो झाडूने गोळा करीत असू. आता यंत्रकरवतीमागे पंखा व पाइप लावून धूळ ओढून घेतली जाते. कामगाराच्या फुप्फुसांच्या दृष्टीने हे आवश्यकच आहे. मात्र पाइपातून धावणारा प्रत्येक कण भिंतीला घासतो आणि लहानसा तृणमणी होतो. त्यात आपल्या ग्वाल्हेरची हवा! वैशाखात लू सुटली की हवेत ओलावा राहत नाही, आणि ओलाव्यावाचून साचलेला विद्युद्भार हळूहळू निसटून जात नाही. कापडगिरण्यांत हवा मुद्दाम दमट ठेवीत. सूत तुटू नये आणि ही वीजही साचू नये, असा त्यामागे दुहेरी हेतू असे.

गेल्या उन्हाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने आपला फर्निचरचा कारखाना मला कौतुकाने दाखविला. पीव्हीसीच्या पाइपाभोवती त्याने तांब्याची तार गुंडाळली होती. “सर, आता भीती नाही,” तो म्हणाला. मी एका जाणकाराला विचारले, तेव्हा तो समज अपुरा असल्याचे कळले. प्लास्टिक वीजरोधक आहे. त्याच्या पृष्ठभागावरील भार जागच्या जागी राहतो, आणि तार फार तर आपल्या जवळपासचा भार वाहून नेते. अधिक धोका असतो तो जमिनीशी न जोडलेल्या धातूच्या भागांचा: पाइपाची पकड, तोंडाशी बसविलेले पत्र्याचे नसराळे, पिशवीची कडी. तेथे भार साचतो आणि एकाच ठिणगीने मोकळा होतो. म्हणून पाइप शक्यतो पत्र्याचे असावेत, सांध्यासांध्यात विद्युत्-जोडणी अखंड असावी, लवचीक नळीतील तारेचे वेटोळे दोन्ही टोकांना जोडलेले असावे आणि सर्वांचे अर्थिंग योग्य वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. साच्याची पिशवी भारवाही धाग्यांची असल्यास उत्तम.

मात्र ठिणगी एकटी काही करीत नाही. बारीक धूळ हवेत पसरलेली, पुरेशी दाट आणि बंदिस्त जागेत असली, तरच स्फोट होतो. १५ मार्च १९८७ रोजी चीनमधील हार्बिन येथील लिनन गिरणीत धूळ-संकलन यंत्रणेतून स्फोट पसरत गेले आणि ५८ माणसे मृत्युमुखी पडली. पहिल्या ज्वलनाच्या कारणाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. स्थिर विजेची ठिणगी हे त्यांपैकी एक. लहान कारखान्यात असा स्फोट विरळा, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तेथे अधिक वेळा आग लागते ती लाकडात राहिलेल्या खिळ्यावर करवत आदळून उडालेल्या ठिणगीने, जी भुशात तासन्‌तास धुमसत राहते. त्यावर उपाय गुरुजींचाच: काम संपताच पिशवी रिकामी करणे, तुळयांवर व पत्र्यांवर थर साचू न देणे, आणि लाकूड यंत्रावर चढविण्यापूर्वी खिळा शोधणे. साचलेली धूळ पंख्याने वा दाबाच्या हवेने उडवून लावणे मात्र सर्वथा टाळावे. त्याने निजलेला थर उठून ढग होतो.

तास संपला की गुरुजी बाकाखाली हात घालून तो पुन्हा पाहत. बोटाला भुसा लागला, तर सुटी नाही. त्या काळी आम्हांला तो छळ वाटे. आज आपल्यापैकी अनेकांच्या कारखान्यांत कोवळ्या वयाची पोरे उमेदवारी करीत आहेत. त्यांच्या आईबापांनी ती आपल्या भरवशावर पाठविली आहेत. उद्या कारखाना उघडाल, तेव्हा यंत्र सुरू करण्याआधी एकदा पाइपाचे सांधे पाहा आणि तुळईवरून बोट फिरवा. गुरुजींना वाहिलेली श्रद्धांजली मी तीच समजेन.