शिक्षा, शेजार आणि आपली लेकरे
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याची भाषा मला येत नाही. पण विषय आपल्या घरादाराचा आहे, म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

आज आपल्यापुढे दोन ठराव आहेत. पहिला असा की, बायकांवर व लेकरांवर अत्याचार करणाऱ्यास सरसकट फाशी द्यावी, अशी मागणी सरकारकडे करावी. दुसरा असा की, अशा गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या माणसास आपल्या वस्तीत कोणी खोली देऊ नये आणि त्याचे नाव फळ्यावर लावावे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तेव्हापासून हा विषय आपल्या नळावरही रोज निघतो. शाळेत धाडलेली चिमुकली तेथेच सुरक्षित नसेल, तर कोणत्या आईचे काळीज जाग्यावर राहील? हा संताप खराच आहे. पण ठराव करताना आपल्या लेकरांच्या पदरात काय पडेल, तेही पाहिले पाहिजे.

प्रथम फाशीचे. कायदा मऊ आहे असे आपण म्हणतो, पण आता तसे राहिलेले नाही. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना सोडले, तेव्हा देशभर बायका उठल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर २०१३ साली तो आणखी कडक झाला. लेकरांसाठी २०१२ साली पॉक्सो कायदा आला, आणि २०१९ पासून त्यात अतिगंभीर गुन्ह्याला फाशीही आहे. परंतु दिल्लीच्या त्या चौघांना फाशी झाली ती २० मार्च २०२० रोजी, घटनेनंतर सव्वासात वर्षांनी. साऱ्या देशाचे डोळे लागलेल्या खटल्याची ही गत, तर आपल्यासारख्यांच्या खटल्याला किती वर्षे लागतील?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. सरकारचा गुन्ह्यांचा अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगतो की, बलात्काराच्या शंभर प्रकरणांपैकी नव्वदांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा. माझ्या माहितीच्या एका घरात मुलीने आईला सांगितले. माणूस कोण, तर तिचा सख्खा काका. आजीने सुनेपुढे पदर पसरला, "माझा मुलगा तुरुंगात गेला तर या घराचे काय होईल?" शेवटी मुलीलाच आजोळी धाडले, आणि काका त्याच घरात जेवत राहिला. ती मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. तिने मला हे स्वतः सांगितले, आणि नाव न घेता सभेत सांगायची मोकळीक दिली. भगिनींनो, तेव्हा फाशीची शिक्षा नव्हती, नुसत्या तुरुंगाच्या नावाने त्या घराचे तोंड बंद झाले. उद्या सरसकट फाशी म्हटल्यावर अशा घरातून कोण बोलेल? शिवाय शिक्षा सारखीच असेल, तर लेकराला जिवंत ठेवण्याचे त्या नराधमाला काय कारण उरेल? न्यायमूर्ती वर्मांच्या समितीने २०१३ साली कडक शिक्षा सुचवल्या, पण फाशी सुचवली नाही.

आता खोलीचे. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिच्याकडून मी तिकडची हकिकत समजून घेतली. १९९४ साली तेथे समोरच राहणाऱ्या माणसाने सात वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. त्याला पूर्वी अशाच गुन्ह्यांत शिक्षा झाली होती, हे आईबापांना ठाऊक नव्हते. तीन महिन्यांत तेथे कायदा झाला की अशा माणसांची नोंद ठेवावी व वस्तीला कळवावे. पुढे गावोगावी नियम झाले की त्यांनी शाळेजवळ, बागेजवळ राहूच नये. न्यू जर्सीच्या गावांचे हे नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रद्द केले. फ्लोरिडातील मायामीत २,५०० फुटांची, म्हणजे सुमारे पाऊण किलोमीटरची अट होती. तेव्हा शहरात जागाच उरेना, आणि ती माणसे खाडीवरच्या एका पुलाखाली तंबू ठोकून राहू लागली. आयोवातील सरकारी वकिलांच्या संघटनेने २००६ साली लिहून दिले की, या अटीने लेकरांचे रक्षण होत नाही, उलट ही माणसे पत्ते लपवू लागली आहेत. गुन्हेगारांना शिक्षा मिळवून देणे हेच ज्यांचे काम, त्यांनीच हे सांगावे, याचा विचार करा.

आपल्याकडे २०१८ पासून अशा गुन्हेगारांची देशभरची नोंद आहे, पण ती पोलिसांनीच पाहायची असते. आपण फळ्यावर काकाचे नाव लिहिले, तर पुतणीचे नाव लिहायचे काय बाकी राहिले? लेकराची ओळख उघड करणे हा तर कायद्यानेच गुन्हा आहे.

म्हणून अशा माणसास बालवाडीत, शिकवणीला किंवा शाळेच्या गाडीवर ठेवावे काय? मुळीच नाही. तेथे पोलिसांची चौकशी झाल्यावाचून कोणालाच ठेवू नये, असा आग्रह आपण धरावा. पण लेकरांजवळचे काम वेगळे आणि डोक्यावरचे छप्पर वेगळे. ज्याचा पत्ता पोलिसांना ठाऊक आहे, त्याच्यावर नजर ठेवता येते.

शेजारणी मला म्हणाल्या, "तुमच्या मुलीवर वेळ आली असती तर?" मला दोन मुली आहेत. वेळ आली असती तर मीही त्याचा जीवच मागितला असता. पण मंडळाने आज ठरवायचे ते उद्याच्या मुलीसाठी, आणि म्हणून थंड डोक्याने.

माझी विनंती आहे की ठराव असे करावेत. पॉक्सोच्या खटल्यात लेकराची साक्ष ३० दिवसांत व निकाल शक्यतो वर्षात, असे कायद्यात लिहिलेलेच आहे. त्याप्रमाणे व्हावे, अशी मागणी करावी. जबाब लेकराच्या घरी, शक्यतो बाई अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे प्रत्येक आईला सांगावे. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक जिन्यात लावावा. आणि ज्या आईच्या घरात असे घडेल, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जायला मंडळाच्या दोघी जणी कायम तयार असाव्यात. घरचे पाठ फिरवतील तेव्हा ती लेकरे घेऊन कोठे राहील, याचीही सोय आपणच पाहावी. खोली नाकारण्याच्या ठरावापेक्षा त्या आईला खोली देण्याचा ठराव मला मोलाचा वाटतो.

पहिले नाव माझे लिहावे.