बग रिपोर्टांची छाननी आणि नवशिके हात



स्वागतसमितीच्या वतीने आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करताना निवास-भोजनातील उणिवांबद्दल आगाऊ क्षमा मागण्याचा रिवाज मी पाळतो. त्यांचे बग रिपोर्ट मात्र संमेलन आटोपेपर्यंत कृपया दाखल करू नयेत.

स्वागताध्यक्षाने वादात पडू नये हे खरे; तथापि मुक्तस्रोत प्रकल्पांतील बग रिपोर्टांची छाननी नवशिक्यांकडे सोपवावी की नाही, या उद्याच्या विषयावर बोलल्यावाचून राहवत नाही. जो प्रकल्पात कालपरवा आला, ज्याला त्याच्या अंतर्रचनेची ओळखही नाही, त्याने तक्रार ग्राह्य की त्याज्य हे ठरवावे, म्हणजे उमेदवार कारकुनाने मामलेदाराच्या खुर्चीवर बसून निवाडे द्यावेत, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो निराधार नाही. घाईने बंद केलेल्या एका रिपोर्टापायी रुसलेला तक्रारदार पुष्कळदा पुन्हा फिरकत नाही. परंतु तक्रारीत आवृत्ती नमूद आहे काय, सांगितलेल्या क्रमाने दोष आपल्या यंत्रावर घडतो काय, तो पूर्वी कोणी नोंदवला आहे काय, ही चौकशी चिकाटीची आहे, पांडित्याची नव्हे. उबुंटू या मुक्तस्रोत प्रकल्पाने हा भेद ओळखून 'बग स्क्वॉड'ची दारे सर्वांना खुली ठेवली आणि दोषाचे महत्त्व ठरवण्याचा अखत्यार 'बग कंट्रोल' या निवडक मंडळाकडे राखला.

शिवाय काही दोष नवशिक्यालाच दिसतात. 'तऱ्हा' या शब्दातील अर्धा र एखाद्या फाँटात रफार होऊन ह-च्या डोक्यावर जाऊन बसला, तर वीस वर्षे प्रकल्पात मुरलेला, पण मराठी न वाचणारा प्रोग्रामर त्यात काही वावगे नाही असे म्हणून प्रकरण सद्भावनेने निकालात काढील. प्रोग्रामची एक ओळही न लिहिलेली आमची शाळकरी मुलगी मात्र तो दोष तत्काळ दाखवील.

म्हणून निकालाचा शिक्का वडीलधाऱ्यांनी खुशाल आपल्याकडे ठेवावा, पण नवशिक्याच्या पहिल्या काही चौकशा वाचून त्यांवर अभिप्राय देण्याची तसदीही घ्यावी. आणि तेवढी फुरसत नसेल, तर नवशिके अपात्र आहेत असे न म्हणता आपणांस फुरसत नाही असेच म्हणावे.

माझा अधिकार येथे संपतो. अध्यक्षमहोदयांनी आता सभेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.